एका तारेवरचा संसार

मंडळी, काल कराडहून येताना नागठाण्याच्या अलीकडे मी उसाच्या ट्रॉल्यांमागे चांगला अर्धा तास अडकलो. डिसेंबर आहे, गाळप जोरात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे वेळ होता म्हणून ठोसेघरच्या रस्त्यानं चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. वर लख्ख ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि पवनचक्क्या? बहुतेक गप्प उभ्या. एखादीचं पातं उगीच आळस दिल्यासारखं फिरत होतं. माझ्याबरोबरचा तरुण म्हणाला, "काका, एवढा पैसा घालून हे नुसतं उभंच की!" मी त्याला म्हटलं, जुलैत ये. तेव्हा इथे उभं राहता येत नाही, आणि ऊन औषधालाही सापडत नाही.

आजचा विषय एवढाच आहे. सौरऊर्जा अजून स्वस्त कशी होईल, तिच्यातून अजून काय निघेल, असं मला विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याच्या मनात नव्या जातीचं पॅनेल असतं. ते येईल. पण पॅनेल आता या हिशोबातली महाग वस्तू राहिलेली नाही. महाग आहे ती तार, आणि महाग आहेत संध्याकाळचे चार तास. या दोन्हींवरचा उपाय पॅनेलमध्ये नाही, पॅनेलच्या शेजारी आहे.

थोडे आकडे सांगतो. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात सौरविजेचे दर युनिटला साधारण ११ ते १३ रुपये होते. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याला २ रुपये ४४ पैसे निघाला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत बाराचे दोन! दुसऱ्या कुठल्या इंधनाच्या बाबतीत हे घडलेलं मला तरी आठवत नाही.

आता दुसरा लिलाव पाहा. जानेवारी २०२०, केंद्र सरकारच्या सौरऊर्जा महामंडळाचा. अट अशी होती की वीज नुसती द्यायची नाही, लोकांना हवी तेव्हा द्यायची. साध्या वेळेचा दर ठरलेला होता, २ रुपये ८८ पैसे. आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांसाठी बोली लागली ६ रुपये १२ पैशांची. तीच कंपनी, तेच युनिट, घड्याळ तेवढं वेगळं, आणि किंमत दुपटीहून जास्त. म्हणून सौरवीज दोन रुपयांना पडते असं कुणी सांगितलं की मी विचारतो, किती वाजताची?

आधी तारेचं सांगतो, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

समजा तुम्ही १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला. त्यासाठी उपकेंद्र, टॉवर, लाईन, सगळं १०० मेगावॅटचं लागणार, कारण दुपारी साडेबाराला तेवढी वीज येणार. पण रात्र आहे, सकाळ आहे, ढग आहेत. वर्षाची सरासरी काढली तर आपल्याकडे ती क्षमतेच्या २२ टक्क्यांच्या आसपास बसते. म्हणजे लाईन शंभराची बांधली आणि सरासरी बावीस वापरली. गावच्या जत्रेसाठी चौपदरी रस्ता करून ठेवावा आणि वर्षभर त्यावर ज्वारी वाळत घालावी, तसं हे झालं.

आता त्याच लाईनवर १०० मेगावॅटच्या पवनचक्क्या आणून जोडा. दोन्ही मिळून दोनशे होतात, मग लाईन जळणार का? नाही. आपल्याकडे वाऱ्याच्या विजेचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, नेमक्या त्याच दिवसांत पॅनेल ढगाखाली असतं. दिवसाचं पाहिलं तरी बऱ्याच ठिकाणी वारा संध्याकाळी आणि रात्री जोर धरतो. दोघं एकाच वेळी पूर्ण जोरात येण्याचे तास फार थोडे. कागदावर हिशोब करू. सौर २२ टक्क्यांनी वर्षाला १९ कोटी युनिट, वारा २८ टक्क्यांनी साडेचोवीस कोटी. दोन्ही एकदम जास्त झाले तेव्हा सोडून द्यावी लागलेली वीज पाच टक्के धरा. तरी साडेएकेचाळीस कोटी युनिट त्याच तारेतून गेले. तारेचा वापर बावीसवरून सत्तेचाळीस टक्क्यांवर गेला. तारेचा खर्च तोच, पण तो आता दुप्पट युनिटांवर वाटला जातो. यात पॅनेलमध्ये काहीही सुधारणा केलेली नाही, हे लक्षात घ्या.

हे फक्त कागदावर नाही. केंद्रानं पवन-सौर संकरित धोरण २०१८ मध्ये आणलं. जैसलमेरला ३९० मेगावॅटचा पहिला मोठा संकरित प्रकल्प मे २०२२ मध्ये सुरू झाला. सरकारी कागदात 'संकरित' म्हणतात, सगळे 'हायब्रीड' म्हणतात. मला विचाराल तर हा संसार आहे. दोघांनी एका छपराखाली राहायचं, एकानं दिवसपाळी करायची, दुसऱ्यानं रातपाळी.

पण सातारकरांना राजस्थानचं उदाहरण कशाला द्यायचं? तुमच्या एका जिल्ह्यात हे सगळं आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, जिथे पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. पूर्वेला माण-खटाव, जिथे पाचशेच्या आसपास. पश्चिमेला वारा, पूर्वेला ऊन. मध्ये कृष्णाकाठचा ऊस. आणि पाठीमागे कोयना.

उसाबद्दल मला जरा रेंगाळायचंय, कारण यावर कुणी बोलत नाही. आपल्या बऱ्याच साखर कारखान्यांनी सहवीजनिर्मिती उभी केली आहे. चिपाडं जाळायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, कारखाना चालवून उरलेली वीज ग्रीडला द्यायची. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्यानंतर? साठवलेला बगॅस, म्हणजे तीच चिपाडं, असेल तर थोडे दिवस चालतं, मग टर्बाइन झाकून ठेवतात. पण कारखान्यापासून उपकेंद्रापर्यंतची लाईन, तो स्विचयार्ड, ते ट्रान्सफॉर्मर? तेही पावसाळा संपेपर्यंत पडून. आणि आपल्याकडे ऊन सगळ्यात कडक कधी? मार्च, एप्रिल, मे. तार तयार आहे, रिकामी आहे, परवानग्या झालेल्या आहेत, कारखान्याजवळ बहुतेक वेळा पडीक जमीनही आहे. तिथे पॅनेल लावली तर प्रकल्पाच्या खर्चातला एक मोठा तुकडा आधीच भरलेला असतो.

कुणी म्हणेल, हंगामात दोन्ही एकदम आलं तर? मग दुपारी बॉयलर थोडा मंद ठेवा. कारखान्याला लागणारी वाफ द्यावीच लागते, ती बंद होणार नाही, पण विकायच्या विजेसाठीचं जळण तेवढं वाचतं. ते रात्री जाळा. चिपाडाचा ढीग म्हणजे बॅटरीच आहे, फक्त तिला कुणी बॅटरी म्हणत नाही. (हशा) हसू नका. सूर्य गेल्यावर पेटवता येईल असं साठवलेलं इंधन, बॅटरीचं काम याहून वेगळं काय असतं?

म्हणजे हिवाळ्यात चिपाडं, उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात वारा. तीन ऋतू, तीन पाळ्या.

आता संध्याकाळचे चार तास. इथे पाणी येतं.

कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट. पण पाणी मोजून मिळतं. कृष्णा तंटा लवादानं पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली. ते पाणी एकदा पोफळीच्या वीजघरात उतरलं की कोकणातल्या वाशिष्ठीला मिळालं, परत कृष्णेत येत नाही. म्हणून कोयनेत किती युनिट झाले यापेक्षा ते कधी झाले हा प्रश्न मोठा. भर दुपारी राज्यात सौरवीज वाहत असताना कोयनेचं पाणी सोडणं म्हणजे लग्नाचं तूप सकाळच्या न्याहारीला वाढणं. दिवसा सूर्यानं खेचावं, कोयनेनं दम धरावा, आणि सात वाजता दिवे लागले की झडप उघडावी. टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण भार घेतं. कोळशाच्या संचाला हे जमत नाही, त्याला तापायलाच तास लागतात.

चीननं हे फार नेटकेपणानं केलं. चिंगहाई प्रांतात पीत नदीवर लाँगयांगशा नावाचं धरण आहे. वीजघरात ३२० मेगावॅटचे चार संच, एकूण १२८०. त्यांनी जवळच्या उजाड पठारावर २०१३ आणि २०१५ अशा दोन टप्प्यांत ८५० मेगावॅटची पॅनेल उभी केली आणि त्यांची लाईन थेट त्या जलविद्युत केंद्रात नेली. ग्रीडच्या दृष्टीनं ती पॅनेल म्हणजे केंद्रातला पाचवा संच. ढग आला, सौर घसरलं, की पाण्याचा संच तेवढा वर येतो. ग्रीडला बाहेर दिसते ती सपाट वीज. तार तीच, जुनीच.

ज्या ठिकाणी पाणी परत वर नेता येतं तिथे आणखी सोय. आपल्या घाटघरला, अकोले आणि शहापूरच्या सीमेवर, २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. वर एक धरण, खाली एक धरण, मधे सह्याद्रीचा कडा. हा प्रकल्प आखला तेव्हाची कल्पना अशी, की रात्री कोळशाची वीज उरते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि गर्दीच्या वेळी सोडायचं. आता उलटं करायची वेळ आली आहे: उरणारी वीज दुपारची आहे, तेव्हा पंप दुपारी चालवा. शंभर युनिट वर ढकलली तर पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. वीस-पंचवीस गेली म्हणून हळहळणाऱ्यांना मी मघाचे दोन दर परत ऐकवतो. २ रुपये ८८ पैशांची पाच युनिट घातली आणि ६ रुपये १२ पैशांची चार काढली, तर धंदा कुणाचा झाला?

बॅटरीचं थोडक्यात. २०२२ मध्ये दोन तासांच्या बॅटरीसाठी महिन्याला एका मेगावॅटमागे १० लाख ८३ हजारांची बोली लागली होती. २०२५ मध्ये अशाच निविदा, काही ठिकाणी सरकारी मदत धरून, दोन-सव्वादोन लाखांपर्यंत खाली आल्या. त्यामुळे सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तास बॅटरी सांभाळेल. पण जुलैतला आठवडाभराचा झाकोळ तिला झेपणार नाही. तिथे वाराच हवा.

आणि एक साठवण आपण साठवण म्हणून मोजतच नाही, ती म्हणजे उचललेलं पाणी. टेंभू उपसा योजनेचे पंप कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, आटपाडीकडे नेतात आणि वीजबिलावरून दर वर्षी ओरड होते. ते पंप सकाळी दहा ते चार चालले तर पाणी तेवढंच चढेल, वीज मात्र दिवसातली सगळ्यात स्वस्त असेल. शेतकऱ्याचंही तेच. रात्रीच्या लाईटीला उसात पाणी द्यायला जायचं म्हणजे काय, हे कराड-पाटणच्या माणसाला सांगायला नको. तिथे बिबट्या असतो. शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीचा सगळ्यात मोठा फायदा मला पैशात दिसतच नाही. माणूस रात्री घरी झोपतो, हा फायदा.

उन्हाबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हे अर्धंच खरं. पॅनेलला उजेड हवा, ताप नको. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते, आणि वर जाणाऱ्या प्रत्येक अंशाला ते साधारण ०.३५ टक्के गमावतं. मे महिन्यात काच ६० अंशांवर गेली की बारा टक्के वीज हवेत. त्यामुळे वाहतं वारं आणि जवळचं पाणी पॅनेलला मानवतं. तेलंगणात रामगुंडमच्या जलाशयावर १०० मेगावॅटची तरंगती पॅनेल २०२२ पासून आहेत. काच थोडी थंड राहते, खालच्या पाण्याची वाफ कमी होते, जमीन लागत नाही. तरंगत्या ढाच्याचा आणि नांगरांचा खर्च मात्र जमिनीपेक्षा जास्त, म्हणून उठसूट प्रत्येक तलाव झाकायची गरज नाही.

उष्णताच हवी असेल तर विजेच्या वाटेला जाऊच नका. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून गच्चीवर ७३ तबकड्या सूर्य पकडून वाफ करतात, आणि ऊन कमी पडलं की बॉयलर आहेच. उन्हाची आधी वीज करायची आणि विजेनं परत पाणी उकळायचं, हा हात फिरवून घास घेण्याचा प्रकार झाला.

एक चिठ्ठी आली आहे. "चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेतच, तारही आहे, मग तुमच्याच हिशोबानं तिथेच पॅनेल का नको?" चांगला प्रश्न आहे, मला अडचणीत आणणारा. तारेच्या हिशोबानं उत्तर हो असं येतं. माझं उत्तर नाही असं आहे. पवनचक्कीला पाया लागतो आणि रस्ता लागतो, मधली जमीन मोकळी राहते. पॅनेल जमीन झाकतं. कासला फुलं येतात तशीच या सड्यांवर, वीतभर मातीत, चार महिन्यांपुरती एक दुनिया उगवते. तिच्यावर सावली टाकायची नाही. तिथे जुन्या छोट्या चक्क्या काढून त्याच तारेवर थोड्या उंच, मोठ्या चक्क्या लावता येतील. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, आणि वर वारा जास्त असतो. पॅनेल माणला न्या. चाळकेवाडी आणि माणमधलं म्हसवड एकाच पठारावर असायची गरज नाही, एका ग्रीडवर असले की पुरे. तार थोडी लांबेल, तो खर्च मला मान्य आहे.

दुसरी चिठ्ठी घराच्या छपराबद्दल आहे. ती मंडळी खाली चहाला भेटा, बिलं घेऊन या.