योनाथानाने तलवारही दिली

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते मत्सराबद्दल, आणि तेही पुढारपण करणाऱ्यांच्या मत्सराबद्दल. शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी आली आणि आपला जीव जळाला, तर तो जळफळाट आपल्या घरापुरता राहतो. पण ज्याच्या हातात खुर्ची आहे, शिक्का आहे, चार माणसं ज्याच्या शब्दावर उठतात-बसतात, त्याच्या मनात मत्सर शिरला की भोगावं लागतं सगळ्या गावाला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. विकास सोसायटी असो, दूध संस्था असो, तालमीचं मंडळ असो, नाहीतर आमच्या चर्चची कमिटी असो. कामापेक्षा ‘त्याचं नाव माझ्या आधी कसं’ यावरच आपले किती दिवस जातात! डिजिटल बोर्डावर कुणाचा फोटो मोठा, एवढ्यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

पवित्र शास्त्रात या दुखण्याची सगळी हकिकत शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. शौल हा इस्राएलाचा पहिला राजा. देखणा आणि इतका उंच की गर्दीत उभा राहिला तर बाकीचे त्याच्या खांद्याला लागायचे. सुरुवातीला माणूस नम्रही होता. राजा म्हणून त्याचं नाव निघालं तेव्हा हा सामानसुमानात लपून बसला होता. लोकांनी शोधून बाहेर आणला. मग एक दिवस बेथलेहेमचा मेंढपाळ पोरगा दावीद गोफण घेऊन आला आणि पलिष्टी या शत्रू लोकांचा धिप्पाड योद्धा गल्याथ पडला. सैन्य परत फिरलं तेव्हा गावोगावच्या बायका डफ-झांजा घेऊन नाचत बाहेर आल्या. गाण्यात त्यांनी शौलाच्या नावावर हजार मारले, दावीदाच्या नावावर त्याच्या दहापट.

नीट ऐकलं तर त्या गाण्यात शौलाची निंदा कुठेच नाही. त्याचंही कौतुकच आहे, आणि पहिलं नाव त्याचंच आहे. पण शौलाने हिशेब मांडला. ‘आता याला राज्य तेवढं मिळायचं राहिलं,’ असं तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी दावीद वीणा वाजवत बसलेला असताना राजाने त्याच्यावर भाला फेकला. पुढे दावीदाला भाकर दिली म्हणून नोब गावातले 85 याजक मारवले. एन-गेदीच्या कड्याकपारीत तीन हजार निवडक शिपाई घेऊन हा आपलाच जावई झालेल्या दावीदाला धुंडाळत फिरला. पलिष्टी इस्राएलात घुसल्याचा निरोप आला तेव्हा कुठे एकदा पाठलाग सोडून त्याला सीमेकडे वळावं लागलं. राजाचं मन जळत राहिलं आणि राज्याची राखण उघड्यावर पडली.

त्याच घरात योनाथान होता. शौलाचा मुलगा, गादीचा वारस. दावीदामुळे कुणाचं खरोखर नुकसान व्हायचं असेल तर ते योनाथानाचं. त्याने काय केलं? आपला झगा काढून दावीदाला दिला. चिलखत दिलं, तलवार दिली, धनुष्य दिलं, कमरबंदही दिला. या यादीतल्या तलवारीपाशी मी नेहमी थांबतो. थोडे मागचे अध्याय वाचले तर कळतं की पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहारच शिल्लक ठेवला नव्हता. नांगराचा फाळ आणि कुऱ्हाडसुद्धा धार लावायला शत्रूच्या मुलखात न्यावी लागे, त्याचे पैसे मोजावे लागत. एका लढाईच्या दिवशी शौलाबरोबरच्या माणसांत तलवार किंवा भाला फक्त दोघांपाशी होता: शौल आणि योनाथान. असे दिवस काढलेल्या राजपुत्राला तलवारीची किंमत काय ते कुणी सांगायला नको होतं.

आपल्याकडे तालमीत म्हणतात, वस्तादाने एक डाव राखून ठेवावा. गंगावेशीपासून शाहूपुरीपर्यंत हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. योनाथानाने डाव राखलाच नाही.

हे त्याला जमलं कसं? स्वभावाने गरीब होता म्हणून? मुळीच नाही. मिखमाशच्या खिंडीत एका शस्त्रवाहकाला सोबत घेऊन हा हातापायांनी कडा चढून शत्रूच्या चौकीवर चालून गेला होता. चढण्याआधी तो काय म्हणाला ते महत्त्वाचं. पुष्कळांच्या हातून असो की थोडक्यांच्या, परमेश्वराला सुटका करायला कसलीच आडकाठी नाही. त्याच सुमारास शौलाने आपली माणसं मोजली होती, ती भरली सुमारे सहाशे. बाप मोजत होता, मुलगा मोजत नव्हता. सुटका देवाच्या हातची आहे हे एकदा मनात बसलं, की ती कुणाच्या नावावर चढली याची तळमळ आपोआप कमी होते. योनाथानाचं समाधान आलं ते या विश्वासातून.

पुढे दावीद जीफच्या रानात लपला असता योनाथान त्याला भेटायला गेला आणि देवाच्या नावाने त्याला धीर दिला. तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन, असं म्हणाला. ती खालोखालची जागाही त्याला मिळाली नाही. गिलबोवाच्या डोंगरावर बापाच्या बाजूने लढताना तो पडला. दावीदावर जीव होता म्हणून त्याने बापाविरुद्ध वेगळा गट काढला नाही, आणि बापावर निष्ठा होती म्हणून दावीदाला दगा दिला नाही. मला योनाथान दावीदाहूनही मोठा वाटतो, हे आज मोकळेपणाने सांगतो.

असं मन हल्लीच्या काळात कुठे दिसतं, असं कुणी विचारलं तर मी माणगावचं नाव घेतो. आज हे गाव हातकणंगले तालुक्यात आहे. 21 आणि 22 मार्च 1920 ला तिथे परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते भीमराव आंबेडकर, वय 28. राजर्षी शाहू महाराज स्वतः त्या परिषदेला आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, हा उद्या साऱ्या देशाचा पुढारी होईल. त्याआधीच 1902 साली आपल्या संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हा राजा. लोकांनी आपलाच जयजयकार करावा म्हणून तो गप्प बसू शकला असता. त्याने बोट दाखवलं ते दुसऱ्याकडे.

पुष्कळदा पुढाऱ्यापेक्षा त्याच्या माणसांनाच मत्सर जास्त चढतो. इस्राएलाचा पुढारी मोशे याच्या छावणीत एल्दाद आणि मेदाद नावाचे दोघे देवाचा संदेश देऊ लागले, तेव्हा मोशेचा सेवक यहोशवा म्हणाला: ‘मोशे, माझे स्वामी, त्यांना मना करा!’ मोशेने त्यालाच विचारलं, माझ्यासाठी तू जळतोस का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरं होईल! बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्यही अशीच तक्रार घेऊन आले होते, सगळे त्या येशूकडे चाललेत म्हणून. त्यांना योहानाने सांगितलं, त्याची वाढ व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. तुमच्या-माझ्या आसपास यहोशवासारखे बरेच असतील. पण त्यांना आवरेल असा मोशे कुठे आहे?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. समाधान मानायला सांगितलं म्हणजे अन्याय गिळायला सांगितलं असं होत नाही. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या. बापाला मुलगा नव्हता म्हणून आम्हाला वतन का नाही, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. त्यांना कुणी मत्सरी म्हटलं नाही. त्या म्हणतात ते बरोबर आहे, असा निवाडा खुद्द परमेश्वराने दिला. आपला वाटा मागणं वेगळं आणि दुसऱ्याचा वाटा डोळ्यांत सलणं वेगळं.

आता सगळ्यात अवघड भाग. मत्सर आलाच तर करायचं काय? पन्हाळ्याकडच्या एका चर्चच्या मंडळीत वर्षानुवर्षं पेटी वाजवणारे एक आजोबा होते. गावातला एक तरुण शहरात शिकून आला आणि कीबोर्ड वाजवू लागला. मंडळीने उपासनेतलं वादन त्याच्याकडे दिलं. आजोबांनी त्याला आपली वही दिली. मी ती वही हातात घेऊन पाहिली आहे. प्रत्येक गीताशेजारी पेन्सिलीने पट्टी लिहिलेली: काळी एक, पांढरी चार. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘इथे पट्टी चढवू नये, म्हाताऱ्या बायकांचा आवाज पोचत नाही.’ मी त्यांना विचारलं, ‘आजोबा, वाईट नाही वाटलं?’ ते म्हणाले, ‘वाटलं की! रविवारी चर्चला जाऊच नये असं वाटायचं. मग रोज त्या पोराचं नाव घेऊन प्रार्थना करायला लागलो. पहिल्यांदा तोंडातनं शब्दच फुटंनात.’

पवित्र शास्त्रातलं आसाफाचं स्तोत्र, 73 वं, याच वाटेचं आहे. आसाफ दावीदाने नेमलेला गायकांचा मुखिया, म्हणजे तोही गाण्याच्या सेवेतला. तो कबूल करतो की दुर्जनांची भरभराट पाहून मला हेवा वाटला, माझे पाय घसरायलाच आले होते. विचार करकरून त्याला उलगडा झाला नाही. झाला तो देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर. आणि तिथून बाहेर येताना त्याच्या तोंडी आपल्या वाट्याची गोष्ट आहे: देव हाच माझा सर्वकाळचा वाटा. येशूचा प्रेषित पौल यानेही फिलिप्पै शहरातल्या मंडळीला तुरुंगातून लिहिलं की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो, असं तो म्हणतो. हे पौलालाही जन्मजात येत नव्हतं.

घरी पवित्र शास्त्र असेल तर आज रात्री शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 18 वा अध्याय वाचा, आणि जमलं तर 23 वाही. नसेल तर जवळच्या कुठल्याही चर्चमध्ये विचारा. आणि ज्याचं नाव घेताना तुमचं तोंड कडू होतं, त्याच्यासाठी झोपण्यापूर्वी देवाजवळ एक वाक्य बोला. पहिल्या दिवशी शब्द फुटला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

नमस्कार.