काळी दोन

(दृश्य: सदाशिव पेठेतलं घर, सकाळ. तानपुऱ्याची खुंटी पिळणारा हात.)

हा हात माझ्या बाबांचा. वय 71. बाबा गात नाहीत, ऐकतात. तानपुरा आजोबांचा, काळी दोनला, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेला. आजोबा गेले तरी बाबा तो रोज जुळवतात. पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची म्हणजे ‘सा’ची, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या ‘सा’ची. आधी खुंटी, मग मणी सूतभर वर-खाली. मग घोडीवर तारेखालचा दोरा किंचित सरकवायचा, की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलते. याला वीस मिनिटं लागतात. आम्ही वीसच्या वीस मिनिटं शूट केली आहेत. तुम्हाला चाळीस सेकंद दाखवतोय, हे उपकार समजा.

(दृश्य: कपाटातल्या वह्या.)

या सवाईच्या वह्या. पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव. तो रमणबागेत भरायचा तेव्हापासून बाबा जातात, आता मुकुंदनगरला. कोण काय गायलं, सगळं वहीत. ‘गाणं समोर बसून ऐकल्याशिवाय त्यावर बोलू नये,’ हे त्यांचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पॉप मात्र त्यांनी न ऐकताच निकालात काढलं होतं. त्यांचा शब्द: धडधड.

22 सप्टेंबर 2024, दुपारी बारा. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमांची तिकिटं निघाली. त्या रांगेचं दृश्य आमच्याकडे नाही, कारण रांग फोनमध्येच होती आणि माझ्यापुढे लाखो माणसं. त्याच दिवशी दोनाचे तीन कार्यक्रम झाले आणि मला दोन तिकिटं लागली. एक माझं, एक नवऱ्याचं. नवरा ऐन वेळी तापानं आडवा. बाबा तेव्हा डोळे तपासायला माझ्याकडे सानपाड्याला आलेले. तिकिटाची किंमत कळल्यावर म्हणाले, ‘एवढे पैसे वाया? मी येतो.’

(दृश्य: नेरुळ स्टेशन, शनिवार, 18 जानेवारी 2025.)

झब्बा शोधा. सापडला? शबनम आत नेऊ देणार नाहीत म्हणून घरीच ठेवायला लावली, तर मोकळ्या हातांचं काय करायचं हे त्यांना पूल उतरेपर्यंत कळत नव्हतं.

आमचा कॅमेराही बाहेरच राहिला. यापुढचं डी. वाय. पाटील स्टेडियममधलं सगळं मोबाइलवरचं आहे.

(दृश्य: मनगटावरचा पट्टा, अगदी जवळून.)

हा पट्टा दारातच देतात आणि जाताना परत घेतात. झाडांपासून केलेलं, कुजून जाणारं प्लास्टिक. आत बारके दिवे आणि अवरक्त किरण टिपणारा एक डोळा. म्हणजे घरातल्या टीव्हीच्या रिमोटचंच तत्त्व, फक्त इथे रिमोट स्टेडियमएवढा. झोत जिथे पडेल तिथले पट्टे उजळतात. झोत सरकला की रंगही बाकांवरून सरकत जातो. बाबांनी हे शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडून दोनदा समजावून घेतलं.

बँडचा गायक ख्रिस मार्टिन स्टेजवरून चार वाक्यं मराठीत बोलला, तेव्हा बाबांनी उच्चार तपासले. पास केलं, काठावर.

(दृश्य: ‘यलो’ हे गाणं. सगळं स्टेडियम पिवळं. बाबांचा चेहरा. निवेदन नाही, 15 सेकंद.)

(दृश्य: ‘क्लॉक्स’. बाबांचा उजवा हात मांडीवर.)

बोटं बघा. तीन, तीन, दोन. तीन, तीन, दोन. पियानोचे तुकडे असेच पडतात, आठांत बसतात, पण ठोका पाहिजे तिथे येत नाही. बाबांना आधी तेच सापडलं. नंतर त्यांनी माझा दंड धरला आणि कानाशी ओरडले. मोबाइलमध्ये ऐकू येत नाही, म्हणून मी सांगते: ‘कोमल निषाद!’

झालं असं, की या गाण्याचा षड्ज पियानोच्या काळी दोनवर आहे आणि बाकीचे स्वर शुद्ध असताना निषाद, म्हणजे ‘नी’, तेवढा कोमल, म्हणजे अर्ध्या सुरानं उतरलेला. खमाज थाटाचे, म्हणजे त्या नावाच्या स्वरचौकटीचे, स्वर. खमाज राग नव्हे. तसं म्हटलेलं बाबांना अजिबात चालणार नाही, त्यांनी हे वाक्य दोनदा तपासून घेतलंय. पण हजारो माणसं घसा फोडून गात असताना गर्दीतून एक निषाद वेचायला सवाईत मुरलेलाच कान लागतो. फोनवर हेच गाणं मी त्यांना पूर्वी दोनदा ऐकवलं होतं. दोन्ही वेळा ‘धडधड’.

दुसऱ्या दिवशी कानांना दडे बसले, आणि शनिवारच्या बैठकीतल्या मंडळींनी काही दिवस फोन घेतला नाही. असो.

(दृश्य: नवी वही.)

सव्वीस जानेवारीला अहमदाबादचा कार्यक्रम बाबांनी घरी टीव्हीवर बघितला, वही घेऊन. आता 2000 सालच्या ‘पॅराशूट्स’ या त्यांच्या पहिल्या अल्बमपासून क्रमानं ऐकणं चाललंय. हे पान बघा: ‘यलो – गिटार नेहमीच्या सुरांत लावलेली नाही, तारा निराळ्या जुळवल्या आहेत. का?’ ‘का’खाली दोन रेघा. मी इंटरनेटवर शोधून देते म्हटलं, तर नको म्हणाले. स्वतः ऐकून काढणार आहेत.

(दृश्य: पुन्हा सकाळ. तानपुरा, शेजारी स्टुलावर माझा जुना स्पीकर.)

आजोबांचा तानपुरा काळी दोनचा, ‘क्लॉक्स’चा षड्जही काळी दोनचा. खुंट्यांना हात लावावा लागला नाही. बाबा स्पीकर सुरू करतात, तार छेडतात, मग पियानो थांबवतात. मणी जरासा सरकवतात.

‘आपलाच उतरला होता,’ म्हणतात, आणि गाणं पहिल्यापासून लावतात.