काचेतून आलेलं ऊन

खिडकी बंद आहे. काचेतून आलेली उन्हाची तिरीप टेबलावरच्या हातावर पडली आहे. अर्धा तास, फार तर पाऊण तास. हात भाजला नाही, लालही झाला नाही.

हा हात ल्युपसच्या रुग्णाचा आहे; या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. अतिनील किरणांपैकी ‘बी’ किरण काच बरेचसे अडवते, ‘ए’ किरण मात्र आत येतात. किरणांच्या माऱ्यानं त्वचेतल्या काही पेशी मरतात. त्या सगळ्यांच्याच मरतात, आणि एरवी शरीर हा कचरा वेळच्या वेळी उचलतं. ल्युपसमध्ये तो साचतो. पेशीच्या पोटात दडलेली प्रथिनं, डीएनए उघड्यावर येतात. एरवी जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिपिंडांना नेमकं हेच हवं असतं! ती त्यांना जाऊन चिकटतात, इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन वाढतं, दाह पेटतो. कधी तो त्वचेपुरता राहतो, कधी सांधे धरतो, कधी मूत्रपिंडापर्यंत जातो.

पण हे त्याच दिवशी दिसत नाही. चट्टा उठायला कित्येक दिवस लागतात, कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. तोवर ते ऊन कोणाच्या लक्षातही नसतं. घरचे विचारतात, “काल काय केलंस?” रुग्ण कालच्या दिवसात चूक शोधत बसतो आणि स्वतःला बोल लावतो. या आजारातला हा छळ मला चट्ट्यांइतकाच खरा वाटतो.

असा उशीर ल्युपसपुरताच नाही. सोरायसिस या त्वचेच्या आजाराच्या एका प्रकारात घसा दुखून बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी अंगावर थेंबांसारखे बारीक चट्टे उठतात. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी याचा संबंध कोण जोडणार? सिगारेटच्या धुराचा हिशेब तर वर्षांचा. फुप्फुसात प्रथिनांचं रूप पालटतं, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात तयार होतात, आणि आमवातानं बोटं सुजायला पुढे कितीतरी वर्षं जातात. थंडी तेवढी उधारी ठेवत नाही. रेनॉ, म्हणजे थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा त्रास, असलेल्याची बोटं गार पाण्यात बुडाली की काही मिनिटांत पांढरी, मग निळी पडतात.

म्हणून आजारानं उचल खाल्ली, की मागचे तीन आठवडे आठवावेत: ऊन, ताप, घसा, नवं औषध, चुकलेली गोळी. रोज एक ओळ लिहून ठेवली असेल तर डॉक्टरांना काहीतरी धरता येतं. टेबलावर वही उघडी आहे. मंगळवारच्या रकान्यात तीनच शब्द आहेत: ‘खिडकीपाशी बसले होते.’