बिनधुराची दारू म्हणजे धूर काढलेली दारू नव्हे!

नमस्कार मंडळी! परंड्याच्या किल्ल्याचा व्हिडिओ टाकला आणि निम्म्या कमेंटी एकच, "दादा, तोफेची दारू बनवायची कशी?" नाही सांगणार. बोटं दहाच दिलीत देवानं.

उरलेल्यांचा प्रश्न, नव्या बंदुकांत भरतात त्या बिनधुराच्या दारूतला धूर काढला कसा?

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक, कोळसा, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ विजापूरला जाण्याआधी आमच्या परंड्यात होती, तीही हीच काळी दारू खायची. चला पुढं.

धूर काढलाच नाही हो! काळी दारू पेटली की निम्म्याहून जास्त वजनाचा वायू होतच नाही, क्षार होतात. हवेत उडाले तर धूर, उरले ते नळीत.

आमच्या मामाकडं पिकाच्या राखणीला परवान्याची ठासणीची बंदूक होती. बार काढला की त्याच संध्याकाळी नळीत कढत पाणी ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून घासायचं. पाणी निघायचं काळंकुट्ट, वास सडक्या अंड्याचा. मामी ओरडायची, "माझंच पातेलं घेतलंस ना?" एकदा मामानं कंटाळा केला, नळी आतून गंजली. तो मळ म्हणजे न उडालेला धूरच.

आता नवी, बिनधुराची दारू. १८४६ साली शॉनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये स्फोटक कापूस केला. होय, कापूस, आपल्याकडं जिनिंगवर ढीग लागतात तोच! पण तो एकदम भडकायचा. पुढच्याच वर्षी इंग्लंडात फॅव्हरशमचा या कापसाचा कारखाना उडाला. १८८४ ला फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं त्याचा लगदा करून पातळ पापुद्रे पाडले, तेव्हा कुठं तो थराथरानं जळायला लागला. दोन वर्षांत फ्रेंच फौजेच्या हातात ही दारू वापरणारी लेबेल रायफल. मग अशाच आणखी बिनधुराच्या दारू आल्या, नोबेलची बॅलिस्टाइट, इंग्रजांची कॉर्डाइट. कॉर्डाइटचा कारखाना तर आपल्या निलगिरीत अरुवनकाडूला निघाला.

तरी एकजण लिहितोच, "म्हणजे फिल्टर लावला ना?" अरे बाबा! सोऱ्यात पोटॅशियम असतं, ते मागं क्षार होऊन बसतं. या कापसात प्राणवायू त्याच्याच रेणूत आणि धातू नाहीच, मग जवळपास सगळा वायूच होणार. गोवऱ्या जाळल्या की राख उरते, गॅसच्या शेगडीत उरत नाही. म्हणून गॅसवाल्यानं राख काढून घेतली म्हणता का?

आणि हो, "मग दिवाळीच्या फटाक्यात एवढा धूर कसा?" असं विचारणाऱ्या ताई, बऱ्याच फटाक्यांत अजून जुनी काळी दारू, नाहीतर तिच्यासारखंच मागं धूर ठेवणारं मिश्रण असतं.