राजवाडा, तोही सुट्ट्या पैशांत

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीतली राजेशाही १९१८ साली संपली. तरी आज तिथल्या बेकरीत पाव घेऊन उरलेले सुटे हातात घेतले, तर त्यात राजवाडा निघू शकतो. एकेका राज्याची ओळख असलेली वास्तू दोन युरोच्या नाण्यावर आणायची, हा उपक्रम तिथे २००६ साली सुरू झाला. त्यात २००७ला श्वेरीनचा राजवाडा आला, २०१२ला बव्हेरियाचा नॉयश्वानस्टाइन, २०१८ला बर्लिनचा शार्लोटेनबुर्ग आणि २०२०ला पॉट्सडॅमचा सांसुसी.

स्मारक नाणं म्हटलं की मखमली डबी डोळ्यांपुढे येते. ही नाणी मात्र खरोखर चलनात आहेत, दुकानाच्या गल्ल्यात खुळखुळतात, आणि म्हणूनच मला ती फार मोलाची वाटतात.

सांसुसीचंच नाणं घ्या. त्यावर बैठा राजवाडा आणि द्राक्षमळ्याच्या टप्प्यांमधून त्याच्याकडे चढत जाणारा जिना दिसतो. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४५ ते १७४७ या काळात तो बांधून घेतला. आपल्याला इथेच, आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी पुरावं, अशी त्याची इच्छा होती. तो १७८६मध्ये गेला, पण ती इच्छा पुरी व्हायला १९९१ उजाडलं! त्याने बटाट्याच्या लागवडीचा आग्रह धरला होता, म्हणून लोक आजही त्याच्या थडग्यावर फुलांबरोबर बटाटे ठेवतात.

आता हेच नाणं आडवं धरून त्याची कड पाहा. तिच्यावर अक्षरं कोरलेली आहेत: एकता, न्याय आणि स्वातंत्र्य. जर्मन राष्ट्रगीताची ही सुरुवात. दर्शनी बाजूला राजाचं घर आणि कडेला प्रजासत्ताकाचं वचन! श्वेरीनच्या राजवाड्यात तर आज राज्याची विधानसभाच भरते. राजांच्या वास्तू अशाच जपाव्यात, लोकांच्या करून, असं मला मनापासून वाटतं.

नाण्यावर टांकसाळीचं अक्षरही असतं. बर्लिनचं ए, म्युनिकचं डी, स्टुटगार्टचं एफ, कार्ल्सरूहचं जी, हॅम्बुर्गचं जे. यातलं स्टुटगार्ट म्हणजे मुंबईचं भगिनी शहर. तुमच्या घरचं कुणी जर्मनीत शिकत किंवा नोकरी करत असेल, तर येताना नोटा बदलल्या तरी चिल्लर तशीच घेऊन यायला सांगा. एफ अक्षर असलेला एखादा राजवाडा त्यात नक्की शोधा.