आधी बाजाराची बोली, मग उपासनेची

नमस्कार मंडळी, आणि चर्चमधून आलेल्यांना जय ख्रिस्त!

धुळे, नंदुरबार, जळगावकडची तरुण जोडपी मिशनच्या कामाला परदेशी निघतात, तेव्हा काय काय शिकून जावं असं विचारतात. आमचं पहिलं सांगणं असं, की तिथल्या बाजारात भाव करता येईस्तोवर शिकवायला उभे राहू नका.

खानदेशाला हे नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खानदेशात काम करू लागली, तेव्हा पुस्तकी मराठीवर भागणारं नव्हतं. कचेरीत मराठी, घरात अहिराणी, नवापूरच्या डोंगरांकडे मावची.

खरी कसोटी शब्दाची. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत ‘भाकर’ आहे, पाव नाही. म्हणून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर खाणाऱ्या आजीला ती मागणी थेट आपल्या पोटाची वाटते. जिथे भात हेच जेवण, तिथे कोणता शब्द घ्यायचा हे शब्दकोशाला न विचारता तिथल्या बायाबापड्यांना विचारा.

दुसरी जागा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची. देवाला हाक मारताना ‘आमच्या पित्या’ म्हणतो, कारण देव त्या ‘आम्ही’त नसतो. लोकांसमोर मात्र ‘आपण पापी’ म्हणायचं, म्हणजे बोलणाराही त्यात आला. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे इंग्रजीतून आलेला मराठीत इथे हमखास अडखळतो. इंडोनेशियन भाषेत ‘कामी’ आणि ‘किता’ असा नेमका हाच भेद आहे, तो मराठी माणसाला लगेच उमजतो. पण घाईत ‘किता’च्या जागी ‘कामी’ तोंडातून गेलं, तर ‘आमचं तारण झालं, तुमचं नाही’ असा अर्थ निघतो आणि समोरचा वर्गात बसूनही बाहेर पडतो.

धड्याची रीत साधी ठेवा. एका बैठकीला बायबलातली एकच गोष्ट, सात-आठ मिनिटं, पुस्तक मिटून. मग ऐकणाऱ्यांपैकी एकाने ती सांगायची, सुटलेलं इतरांनी भरायचं. नंतर तीन प्रश्न: काय घडलं, देव कसा दिसला, आपण काय करायचं? पुढच्या खेपेला नव्या गोष्टीआधी जुनी गोष्ट पुन्हा. बिघडतं ते दुसऱ्या पायरीवर. शिक्षकाला शांतता सोसवत नाही आणि तो स्वतःच सांगून मोकळा होतो. मनात वीसपर्यंत मोजा. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न टाकूनच द्या. पाहुण्याचा मान राखायला सगळे ‘हो’ म्हणतात.

व्हिसा कामाला साजेसा हवा. पर्यटक म्हणून जाऊन शिकवलंत, तर तुम्ही परत याल, पण चौकशीचा त्रास तिथल्या मंडळीच्या मागे लागेल. रविवार हा तुमचा कामाचा दिवस असतो, तेव्हा विसाव्याला दुसरा वार ठरवा आणि तो पाळा. मुलांना रोज पंधरा मिनिटं मराठी मोठ्याने वाचायला लावा.

आता भाकरीचं, कारण हा प्रश्न प्रत्येक बहीण विचारते. कळण्याला तीन-चार वाटे ज्वारी, एक वाटा सालासकट काळे उडीद, थोडं मीठ. तिकडच्या दुकानातलं पीठ कित्येक महिने पडून असतं, चिकटपणा जातो आणि थापताना कडा फाटतात. उकळत्या पाण्यात उकड काढून चांगलं मळलं की ते सावरतं. अख्खी ज्वारी मिळत असेल तर आठवड्यापुरतीच दळा. इथून धान्य नेऊ नका, अनेक देशांत विमानतळावरच काढून घेतात.

तरी पहिले काही महिने शेजारच्या घरी त्यांचंच जेवा, आणि कृती विचारायला त्यांच्या चुलीपाशी बसा. खमीर, मीठ, दिवा, तेल, हरवलेलं नाणं शोधायचा केरसुणीचा हात, येशूच्या दाखल्यांतले हे सगळे शब्द तिथेच कानावर पडतात.