पिल्लू नर की मादी? आधी आईबापाचा रंग सांगा

मंडळी, पिल्लं विकायला आलेल्या माणसाला गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो हाच, की यात कोंबड्या किती निघतील? आणि उत्तरही ठरलेलं, "ताई, सगळ्या माद्याच आहेत." सगळ्या माद्या कशा असतील? अंड्यातून नर-मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात. टोपलीत नुसत्या माद्याच असतील तर कुणीतरी नर वेगळे काढलेले असणार. ते कुणी काढले आणि कशावरून ओळखले, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर निम्मे कोंबडे धरून चला आणि त्या हिशेबाने भाव करा.

अंड्यावरून ओळखणारेही आहेत. निमुळत्या अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी, असं म्हणतात. अ‍ॅरिस्टॉटलने याच्या बरोबर उलट लिहून ठेवलं होतं, पुढे रोमन काळात शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेलाने ते पुन्हा फिरवलं. दोन हजार वर्षं दोन्ही बाजू आपलंच खरं म्हणतायत, यावरूनच काय ते समजा. दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरतात, ती धरणाऱ्याचा हात हलेल तशी हलते.

आता खरं शास्त्र. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून. कोंबड्याकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आई मुलाला झेड देते आणि मुलीला डब्ल्यू. म्हणजे झेडवर बसलेला एखादा रंग आईकडून फक्त मुलांना जातो. मुलीला तो मिळालाच तर बापाकडून. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं यातूनच निघतं.

उदाहरण घ्या. पट्टेरी प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी, काळ्या पिसांवर पांढरे आडवे पट्टे असलेली. तिला रोड आयलंड रेड या तांबड्या जातीचा कोंबडा लावला. पट्ट्याचा गुण झेडवर असतो, त्यामुळे तो आईकडून मुलांनाच मिळाला. पहिल्या दिवशी सगळी पिल्लं काळीच दिसतात, पण नरांच्या डोक्यावर फिकट पांढरा ठिपका असतो आणि माद्यांचं डोकं साफ काळं. हेच उलटं करा, बाप पट्टेरी आणि आई तांबडी. आता बापाचा झेड सगळ्यांनाच मिळतो, प्रत्येक डोक्यावर ठिपका, आणि तुम्ही होता तिथेच. दुसरी जोडी म्हणजे रोड आयलंड रेड कोंबडा आणि पांढऱ्या अंगाची लाइट ससेक्स कोंबडी. तिथे मुली तांबूस निघतात, बापावर गेलेल्या, आणि मुलगे पिवळसर पांढरे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दाण्याची टंचाई होती. अंडी न देणाऱ्या नरांना दाणा कशाला घालायचा, म्हणून केंब्रिजचे आनुवंशिकीचे अभ्यासक रेजिनाल्ड पनेट यांनी ही युक्ती पुढे आणली. पण तिची एक अडचण आहे, ती एकाच पिढीपुरती चालते. त्या संकरित पिल्लांना मोठं करून आपसात लावलंत, तर पुढच्या पिल्लांच्या रंगावरून काही कळत नाही. त्यावर उपाय म्हणून केंब्रिजमध्येच १९२९ साली कँबार ही जात तयार झाली. तिच्यात नराला पट्ट्याचा गुण दोनदा मिळतो, मादीला एकदाच, म्हणून नर पिल्लू दर पिढीत फिकट दिसतं.

मागे एक ताई विचारतायत, आमच्या गावठी पिल्लांच्या रंगावरून कळेल का? नाही कळणार. गावठीचे आईबाप कुठल्या रंगाचे, त्यांच्या पोटात काय काय दडलंय, कुणाला माहीत! पंख उघडून पिसांची लांबी बघायची पद्धतही तशीच. ज्या वाणात आई सावकाश पिसं येणारी आणि बाप लवकर येणारा असा मुद्दाम ठेवलेला असतो, तिथेच ती चालते, आणि तीही पिल्लू जेमतेम एक-दोन दिवसांचं असेपर्यंत. मोबाइलवर व्हिडिओ बघून गावठी पिल्लाचे पंख ताणू नका.

जपानी लोकांनी १९२०च्या दशकात पिल्लाची शेपटीखालची जागा उघडून आतला बारीकसा उंचवटा बघायची पद्धत काढली. १९२७ साली कॅनडात ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती मांडली गेली. तयार माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतो. हे हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतात. घरी करून बघाल तर पिल्लाच्या पोटाला इजा होईल, ते मरेलही.

रंगाबद्दल एक सांगतो. पहिल्या दिवशीची लव म्हणजे मोठेपणीचा रंग नव्हे. ब्लॅक ऑस्ट्रलॉर्पचं पिल्लू पोटाखाली पांढरट असतं. लोक म्हणतात भेसळ आहे. भेसळ नाही, ते पुढे पूर्ण काळं होतं. कडकनाथचं पिल्लू निळसर-काळं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. पण काळ्या कातडीचा गुण संकरातही उतरतो, म्हणून काळं पिल्लू दिसलं की कडकनाथच, असं धरू नका. आणि जत्रेतली गुलाबी-हिरवी पिल्लं? तो वरून दिलेला रंग आहे, लव झडून पिसं आली की गेला. ती बहुतेक अंड्यांच्या वाणाच्या हॅचरीतली नर पिल्लं असतात, पांढरा कोंबडा होणारी. नातवाने त्याला राणी नाव ठेवलं असेल तर ठेवू द्या, अंड्याची वाट मात्र बघू नका.

मग आपण काय करायचं? थांबायचं. पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा लालसर होऊन वाढू लागतो, पाय जाड दिसतात. पण असीलचा तुरा मुळातच बारीक आणि कडकनाथचा काळसर, तिथे तुरा फसवतो. खात्रीची खूण कमरेवर, शेपटीच्या मुळाशी. नराची तिथली पिसं अरुंद, टोकदार, चकचकीत येतात, मादीची गोल टोकाची. गावठीत हे नीट दिसायला तीन महिनेही लागतात.

सरकारी योजनेतला तलंगा गट म्हणजे २५ माद्या आणि ३ नर, वय आठ ते दहा आठवडे. या वयाला रोड आयलंड रेडमध्ये तुऱ्याचा फरक उघड दिसतो, कमरेची पिसं मात्र नुकती फुटत असतात. म्हणून गट उचलायला दिवसाउजेडी जा, पिंजऱ्यातच न मोजता एकेक पक्षी हातात घ्या, आणि लाल तुऱ्याचे तीनपेक्षा जास्त निघाले तर पावतीवर सही करायच्या आधी बदलून मागा.